सूत, कागद आणि मुंबईची हवा

ग्रंथालयांचा इतिहास सांगण्याची आपल्याकडे एक ठरलेली रीत पडून गेली आहे. संस्था कोणत्या साली निघाली, पहिले अध्यक्ष कोण, कोनशिला कोणाच्या हस्ते बसली, देणगीदार किती आणि आजची ग्रंथसंख्या किती, एवढे सांगून झाले की इतिहास पुरा झाला असे आपण मानतो. या गोष्टी महत्त्वाच्या आहेतच. परंतु ज्या खोलीत ती पुस्तके रात्रंदिवस उभी असतात, त्या खोलीतल्या हवेचा इतिहास कोणी सांगत नाही. वाचक घटकाभर येतो आणि पुस्तक घेऊन निघून जातो. पुस्तक मात्र त्या हवेत वर्षानुवर्षे राहते. मुंबई आणि तिची उपनगरे यांच्यापुरता त्या हवेचा इतिहास येथे मांडावा, असे आम्ही योजिले आहे.

हा विषय एखाद्या ग्रंथपालाचा किंवा रसायनशास्त्राच्या प्राध्यापकाचा. कामगार चळवळीतल्या माणसाने त्यात का पडावे, असे कोणी विचारील. त्याला आमचे उत्तर असे की, बंद खोलीतला दमटपणा मोजण्याचे आणि तो ठरावीक ठेवण्याचे तंत्र या शहरात प्रथम आले ते ग्रंथालयात नव्हे, कापडाच्या गिरणीत. आणि दुसरे असे की, मुंबईच्या दमट हवेने सर्वांत आधी जो कागद खाल्ला तो गरिबांच्या वर्तमानपत्रांचा, पत्रकांचा आणि हिशेबवह्यांचा होता. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काय संबंध आहे, ते पुढे दिसेल.

प्रथम दमटपणा म्हणजे काय ते पाहू. हवेत पाण्याची वाफ नेहमीच असते. हवा जितकी ऊन, तितकी अधिक वाफ तिच्यात मावते. ३० अंश सेल्सिअसच्या एक घनमीटर हवेत सुमारे ३० ग्रॅम पाणी वाफेच्या रूपाने राहू शकते. २० अंशांच्या तेवढ्याच हवेत सुमारे १७ ग्रॅमच मावते. मावण्यासारखे जेवढे आहे त्याच्या शेकडा किती पाणी हवेत प्रत्यक्ष आहे, या प्रमाणाला सापेक्ष आर्द्रता म्हणतात. मुंबईत पावसाळ्यात हे प्रमाण दिवसचे दिवस ऐंशीच्या वर राहते; हिवाळ्यातल्या कोरड्या दुपारी तेच पन्नासाच्या आसपास, कधी त्याच्याही खाली उतरते.

कागद, कापड, चामडे आणि बांधणीची खळ हे सारे पदार्थ हवेतले पाणी पितात आणि हवा कोरडी झाली की ते परत सोडतात. प्रत्येक वेळी पुस्तक किंचित फुगते आणि किंचित आकसते. पुठ्ठा वाकतो, शिलाई सैल होते, पाठीवरचा कागद सुटतो. आर्द्रता शेकडा पासष्ट ते सत्तरच्या वर बराच काळ राहिली आणि हवा कोंडलेली असली की बुरशी धरते. ओल्या भिंतीतून वाळवी चढते, खळीच्या वासाने झुरळे येतात, आणि कसर तर आपल्या घरचीच आहे. उष्णतेचे काम याहून गुपचूप चालते. ती कागदाच्या आतला क्षय वाढवते. कागद पिवळा पडतो, मग तपकिरी होतो, आणि शेवटी पान उलटताना कोपरा हातात येतो. तापमान पाच अंशांनी उतरले तर कागदाचे आयुष्य जवळजवळ दुप्पट होते, असा संवर्धकांचा एक ठोकताळा आहे. मुंबईत उष्णता आणि दमटपणा या दोघी बहिणी एकदमच नांदतात, ही आपली मुख्य अडचण.

ही अडचण इंग्रजांच्या काळापासूनची आहे असे मात्र नाही. बोरिवलीच्या पूर्वेला कान्हेरीची लेणी आहेत. तेथल्या शिलालेखांत शके ७६५ चा, म्हणजे इसवी सन ८४३ च्या सुमाराचा, शिलाहार पुल्लशक्तीच्या काळातला एक लेख आहे. त्यात दिलेल्या दानाच्या बाबी सांगितल्या आहेत: विहाराच्या डागडुजीसाठी इतके, भिक्षूंच्या वस्त्रांसाठी इतके, आणि ग्रंथांसाठी एक द्रम्म. आमच्या उपनगरांत ग्रंथांसाठी पैसा बाजूला काढल्याची याहून जुनी नोंद आम्हांला माहीत नाही. त्या द्रम्मातून आलेले ग्रंथ आज नाहीत. द्रम्माची नोंद दगडावर होती म्हणून राहिली. डागडुजी, वस्त्रे आणि ग्रंथ या तिन्ही बाबी एकाच यादीत आहेत हेही ध्यानात घ्यावे. छप्पर आणि सेवेकरी नीट नसतील तर ग्रंथ टिकत नाही, हा हिशेब त्या दात्याला कळलेला होता असे दिसते.

पुढे कागदाच्या पोथ्या आल्या. जुनी पोथी कशी ठेवीत ते अनेकांनी घरी पाहिले असेल. वर आणि खाली लाकडी फळी, त्यावर घट्ट गुंडाळलेले कापड, आणि ते बासन लाकडी पेटीत. पेटीत वेखंडाचे तुकडे किंवा कडुलिंबाचा वाळलेला पाला. पोथीच्या अखेरीस लेखक तेल, पाणी, सैल बांधणी आणि मूर्खाचा हात यांपासून पोथी राखण्याची विनवणी करीत असे. ही नुसती भाविकता नव्हे. लाकूड आणि कापड बाहेरच्या हवेतला दमटपणा आधी स्वतः पितात आणि सावकाश सोडतात. त्यामुळे बाहेर चार दिवस पावसाची झड लागली तरी आतल्या पानांना ती एकदम लागत नाही. पेशव्यांच्या दप्तराचे हजारो रुमाल पुण्यात राहिले याला पुण्याची कोरडी हवा आणि त्या काळचा चिंध्यांपासून केलेला चिवट हातकागद ही कारणे आहेतच; परंतु रुमाल हा नुसता गठ्ठा नव्हे, ती कागदाच्या भोवतीची हवा सावरण्याची एक युक्ती होती. पावसाळा सरून आश्विनाचे ऊन पडले की बासने सोडून पोथ्यांना वारा देत. वर्षातून एकदा प्रत्येक पान माणसाच्या डोळ्यांखालून जाई.

इंग्रजी अमदानीत ग्रंथ पेटीतून कपाटात आला, आणि कपाट मोठ्या इमारतीत आले. मुंबईची लिटररी सोसायटी १८०४ साली निघाली. पुढे तीच एशियाटिक सोसायटी झाली. तिचे ग्रंथालय ज्या टाउन हॉलमध्ये आहे तो १८३३ साली पुरा झाला. १८४७ साली सरकारी टांकसाळ आणि गोदी येथल्या तरुण कारागिरांनी व फोरमन मंडळींनी एक मेकॅनिक्स इन्स्टिट्यूट काढली. आजचे डेव्हिड ससून ग्रंथालय तेच, त्याची इमारत १८७० सालची. कामाच्या पाळीवरून येणाऱ्या हातांनी काढलेले हे ग्रंथालय आहे, एवढे तरी आपल्या लोकांनी लक्षात ठेवावे. या इमारती जाड दगडी भिंतींच्या, उंच छपरांच्या आणि खोल व्हरांड्यांच्या आहेत. यंत्र नव्हते तेव्हा इमारत हेच यंत्र होते. जाड भिंत दुपारची उष्णता रात्रीपर्यंत अडवी, ऊन हवा उंच छपराशी जाई, व्हरांडा पावसाची झड आणि ऊन दोन्ही बाहेर थोपवी, समोरासमोरच्या खिडक्यांतून समुद्राचा वारा वाहे. आर्द्रता यामुळे कमी होत नसे. परंतु हवा हलती राही, आणि हलत्या हवेत बुरशी सहजासहजी बसत नाही.

मराठी माणसांची ग्रंथालये याच्या मागून आली. ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ चे, मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय १८९८ चे, पार्ल्याचा लोकमान्य सेवा संघ १९२३ चा. मुलुंडच्या महाराष्ट्र सेवा संघासारख्या संस्थांनी पूर्व उपनगरांत हेच काम केले. दगडी व्हरांड्याचा खर्च त्यांना झेपणारा नव्हता. वर्गणी आण्यांत गोळा करावयाची आणि मिळेल त्या जागेत कपाटे उभी करावयाची, अशी त्यांची सुरुवात. त्यांच्या कार्यकर्त्यांनी पुस्तके कशी जमवली हा इतिहास थोर आहे. पण हवेच्या बाबतीत ती संस्था ज्या खोलीत असेल त्या खोलीच्या नशिबावर राहिली.

याच काळात, या ग्रंथालयांपासून दोन-चार मैलांवर, बंद खोलीतली हवा मनाप्रमाणे ठेवण्याचे काम पैसा ओतून चालू होते. मुंबईतली पहिली कापडगिरणी कावसजी नानाभाई दावर यांची. १८५४ साली कंपनी निघाली आणि १८५६ साली ताडदेवला यंत्रे फिरू लागली. गिरण्या मुंबईत वाढल्या याच्या अनेक कारणांत येथली दमट हवा हेही एक कारण सांगतात. कोरड्या हवेत कापसाचा तंतू ठिसूळ होतो, सूत तुटते, आणि ताणा सांधण्यात साचा उभा राहतो. म्हणून कोरड्या महिन्यांत खात्यात वाफ सोडावयाची, खिडक्या बंद ठेवावयाच्या, आणि पुढे यंत्राने पाण्याचा बारीक फवारा उडवावयाचा, ही रीत पडली. सुताला ते मानवे. त्या वाफेत दहा-बारा तास उभा राहणारा साचेवाला घामाने भिजून बाहेर पडे आणि हिवाळ्याच्या वाऱ्यात चाळीकडे चालत जाई. त्याच्या छातीचे काय होई, हे गिरणगावातल्या जुन्या बायकांना कोणत्याही अहवालावाचून माहीत होते.

या वाफेविरुद्धचे गाऱ्हाणे प्रथम लँकेशरच्या विणकरांनी मांडले, आणि १८८९ साली इंग्लंडच्या पार्लमेंटने कापडाच्या कारखान्यांसाठी कायदा केला. अमुक तापमानाला अमुक दमटपणा, त्यापुढे नाही. खात्यात कोरडा आणि ओला असे दोन तापमापक टांगलेले असावेत. त्यांचे आकडे ठरल्या वेळी नोंदले जावेत. ओल्या तापमापकाची युक्ती साधी आहे. एका तापमापकाच्या फुग्याभोवती भिजलेली मलमलीची चिंधी गुंडाळतात. हवा कोरडी असेल तर पाणी उडते आणि पारा उतरतो. हवा दमट असेल तर दोन्ही पारे जवळजवळ सारखे उभे राहतात. दोहोंतल्या अंतरावरून तक्त्यात सापेक्ष आर्द्रता सापडते. आपल्याकडे १८८४ साली नारायण मेघाजी लोखंडे यांनी बॉम्बे मिल हँड्स असोसिएशन स्थापून कामगारांची पहिली मोठी मागणीपत्रे पुढे केली आणि १८९० साली रविवारची सुटी मिळवली. पण हवेची दाद लागायला फार काळ गेला. १९२३ साली टी. मॅलोनी यांचा हिंदुस्थानातील कापडगिरण्यांतल्या दमटपणावरचा सरकारी अहवाल निघाला. पुढे स्वतंत्र भारताच्या १९४८ च्या फॅक्टरी कायद्यात कृत्रिम दमटपणासाठी वेगळे कलम आले. ते पंधरावे कलम. त्या कलमान्वये दमटपणाची मर्यादा ठरवणे, हवेची तपासणी करवणे आणि तिची नोंद ठेवायला लावणे हा राज्य सरकारचा अधिकार झाला.

कागदाची पाळी मध्यंतरी अमेरिकेत येऊन गेली होती. १९०२ साली न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागातल्या एका छापखान्यात रंगीत चित्रे नीट छापली जाईनात. एक रंग छापून दुसरा छापेपर्यंत हवेतल्या दमटपणाने कागद वाढे किंवा आकसे आणि रंगावर रंग बसत नसे. विलिस कॅरिअर या तरुण इंजिनिअरने गार नळ्यांवरून हवा नेऊन तिच्यातले पाणी काढण्याची योजना केली. आज जिला आपण एसी म्हणतो तिचा जन्म हा असा आहे. तो माणसाच्या सुखासाठी झाला नव्हता, कागदासाठी झाला होता. आणि तो कागदही विकावयाचा. हवेला वळण लावण्याच्या या विद्येला तिचे इंग्रजी नाव १९०६ साली स्टुअर्ट क्रेमर यांनी दिले, तेही कापडगिरण्यांच्याच संदर्भात. मुंबईत १९३३ साली उघडलेले रीगल चित्रगृह वातानुकूलित होते. म्हणजे हवेच्या या यंत्राने आधी सुताची सोय पाहिली, मग विक्रीच्या छपाईची, मग तिकीट काढून बसलेल्या प्रेक्षकाची. ज्यात नफा नाही ते वर्गणीच्या वाचनालयातले पुस्तक या रांगेत फार मागे उभे होते.

आता त्या पुस्तकाच्या कागदाकडे वळू. चिंध्यांचा कागद महाग होता. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात लाकडाच्या लगद्याचा स्वस्त कागद बाजारात आला, आणि त्यामुळेच गरिबाला वर्तमानपत्र काढणे आणि विकत घेणे शक्य झाले. हे त्या कागदाचे उपकार विसरता येणार नाहीत. परंतु त्यात लाकडाचा कस आणि तुरटीचे आम्ल राहून जाते. उष्णता आणि ओल लागली की हे आम्ल कागदाला आतून खाते. अशा रीतीने ज्याच्याजवळ पैसा होता त्याचे लिखाण चिवट कागदावर राहिले आणि ज्याच्याजवळ नव्हता त्याचे ठिसूळ कागदावर.

कृष्णराव भालेकरांनी १८७७ साली पुण्यात 'दीनबंधु' काढला आणि १८८० पासून लोखंड्यांनी तो मुंबईत चालवला. गिरणी कामगाराचे दुःख मराठीत छापणारे हे पत्र. त्याचे सलग अंक जुळवताना आज संशोधकांची दमछाक होते. डॉ. आंबेडकरांचे 'मूकनायक' १९२० चे आणि 'बहिष्कृत भारत' १९२७ चे. त्यांचे हाती लागलेले अंक एकत्र करून महाराष्ट्र शासनाने १९९० साली छापले म्हणून आज ते वाचावयास मिळतात. १९२८ चा सहा महिन्यांचा सार्वत्रिक संप घ्या, किंवा १८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेला अडीच लाख गिरणी कामगारांचा संप घ्या. त्या दिवसांत चाळीचाळींतून वाटलेली पत्रके किती ग्रंथालयांत आहेत? पत्रक हे पाहून फेकून देण्यासाठीच असते असे कोणी म्हणेल. खरे आहे; पण सरकारी अहवाल, मालकसंघाची वार्षिक पुस्तके आणि कोर्टाचे निकाल चांगल्या कागदावर, चांगल्या इमारतींत राहिले. पन्नास वर्षांनी जो इतिहासकार येईल तो जे उरले आहे त्यावरून लिहील. त्याला दोष कसा देणार?

आमच्या माहितीतल्या एका उपनगरी युनियनच्या कचेरीत पत्र्याच्या पेटीत जुनी वही होती. कारखान्याच्या टाळेबंदीच्या दिवसांत कोणाच्या घरी किती रुपये आणि किती ज्वारी पोचवली, याची ती यादी होती, असे ती लिहिणाऱ्या सभासदांनी आम्हांला सांगितले. अनेक पावसाळ्यांनंतर पेटी उघडली तेव्हा वरची दहा-बारा पाने सुटली. खालची सगळी मिळून वीट झाली होती. ज्या विणकराभोवती मालकाने दमटपणा मोजून ठेवला, त्याच्या मुलानातवंडांच्या लढ्याची कागदपत्रे न मोजलेल्या दमटपणाने गेली. याला आम्ही केवळ निसर्गाची करणी मानीत नाही. जे मोलाचे वाटते त्याची हवा मोजली जाते.

उपनगरांत ही गोष्ट अधिक लागू आहे. १९५० आणि १९५७ साली उपनगरे बृहन्मुंबईत सामील झाली, घाटकोपर-भांडुप-मुलुंडच्या रस्त्याने आणि अंधेरी-मरोळच्या बाजूने कारखाने उभे राहिले, आणि त्यांच्याबरोबर वस्त्या, युनियन आणि वाचनालये वाढली. पुढे यांतले बरेच कारखाने बंद पडले. त्यांच्या जागी जे उभे आहे त्यावरून तेथे कोण राबले हे कळणार नाही. कळलेच तर ते वाचनालयाच्या कपाटातून कळेल. आणि ती कपाटे आहेत तळमजल्यावरच्या खोलीत, नाही तर गळक्या स्लॅबखाली, ओल धरणाऱ्या भिंतीला टेकून.

२६ जुलै २००५ ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. मिठीच्या काठच्या वस्त्यांत तळमजले बुडाले आणि अनेक भागांत वीजही नव्हती. भिजलेल्या कागदावर दोन-तीन दिवसांतच बुरशी येऊ लागते; त्या आठवड्यात माणसे सावरायची की कागद, हा प्रश्नच नव्हता. ४ नोव्हेंबर १९६६ ला इटलीतल्या फ्लॉरेन्स शहरात आर्नो नदी अशीच राष्ट्रीय ग्रंथालयात शिरली होती. देशोदेशींचे तरुण चिखलातून हातोहात ग्रंथ बाहेर काढायला धावले. ओले ग्रंथ तंबाखू सुकवण्याच्या कोठारांत नेऊन वाळवले. ग्रंथसंवर्धनाच्या आजच्या शास्त्रातले पुष्कळसे त्या पुराने शिकवलेले आहे. पूर एका रात्रीत जे करतो ते सर्वांना दिसते. आपल्याकडे दर आषाढ-श्रावणात कपाटामागची भिंत तेच काम सावकाश करते. ते कोणाला दिसत नाही एवढेच.

यावर उपाय म्हणून अलीकडे एसी बसवण्याकडे ओढा आहे. देणगीदारही त्याला चटकन तयार होतो, कारण त्यावर नावाची पाटी लावता येते. परंतु सकाळी चालू करून रात्री बंद केलेला एसी पुस्तकाला कधी कधी उघड्या खिडकीपेक्षा वाईट. हिशेब करून पाहावा. पावसाळ्यातली ३० अंशांची आणि शेकडा ८० आर्द्रतेची हवा एका घनमीटरात सुमारे २४ ग्रॅम पाणी बाळगते. दिवसभर एसीने पुस्तके २२ अंशांपर्यंत गार झाली आहेत. रात्री यंत्र बंद झाले आणि ही बाहेरची हवा आत शिरून गार पुठ्ठ्याला टेकली. २२ अंशांवर हवेत सुमारे १९ ग्रॅमच मावतात. वरच्या चार-पाच ग्रॅमांनी जावे कोठे? ते पुठ्ठ्यावर आणि भिंतीवर उतरतात. थंड पाण्याच्या तांब्याला बाहेरून घाम येतो तसे हे आहे. असे दररोज घडले तर पुस्तक दररोज भिजते आणि दररोज वाळते. मोठ्या अभिलेखागारांत २२ ते २५ अंश आणि शेकडा ४५ ते ५५ आर्द्रता असा दंडक सांगतात. तो चोवीस तास पाळणे ज्यांना शक्य आहे त्यांनी अवश्य पाळावा. ज्यांना शक्य नाही त्यांनी अर्धा दिवस पाळून समाधान मानू नये. हवा एका पातळीवर स्थिर राहणे हे हवा फार थंड असण्यापेक्षा कागदाला अधिक मानवते.

मग वर्गणीवर आणि शासनाच्या अनुदानावर चालणाऱ्या वाचनालयाने काय करावे? गिरणीकडून घेण्यासारखी एक गोष्ट आहे, ती म्हणजे नोंदवही. आज आर्द्रता दाखवणारे लहान यंत्र काही शे रुपयांत मिळते. ते भिंतीवर टांगावे आणि सकाळी उघडताना, दुपारी आणि रात्री बंद करताना त्याचा आकडा वहीत लिहावा. एक वर्षाची वही झाली की कोणत्या महिन्यात, कोणत्या कोपऱ्यात, किती वाजता हवा बिघडते ते त्या वास्तूपुरते कळते. मग खर्च कोठे करावयाचा हे ठरवता येते. कपाट भिंतीपासून वीतभर पुढे ओढणे, खालचा खण जमिनीपासून उचलणे, गच्चीची गळती पावसाआधी बुजवणे, पंख्याने हवा हलती ठेवणे, बाहेर कोरडे असेल तेव्हाच खिडक्या उघडणे, पावसाळ्यात हवेतले पाणी ओढणारे यंत्र एका बंद खोलीत रात्रंदिवस चालवणे आणि दुर्मिळ कागद त्याच खोलीत नेणे, ही कामे त्या क्रमाने येतात. पत्रके आणि जुने अंक आम्लरहित पुठ्ठ्याच्या पेटीत ठेवले की पोथीच्या बासनाचा गुण त्यांना मिळतो. बांधणीच्या खळीत मोरचूद घालण्याची जुनी रीत किडीला दूर ठेवी. ओलीला ती दूर ठेवीत नाही.

हे सर्व करणार कोण? येथे आम्ही आमच्या मूळ धंद्यावर येतो. वही लिहिणारा, खिडकी वेळेवर लावणारा, कसरीचे पहिले भोक पाहून पुस्तक बाजूला काढणारा माणूस म्हणजे ग्रंथालय सेवक. महाराष्ट्रात सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा १९६७ साली झाला आणि वर्गवारीप्रमाणे परिरक्षण अनुदान मिळू लागले. परिरक्षण हा शब्द त्यात आहे. परंतु या सेवकाचे पोट त्याच अनुदानावर अवलंबून आहे आणि त्याला नियमित वेतनश्रेणी मिळावी ही मागणी जुनी आहे. जो दोन ठिकाणी अर्धवेळ राबून घर चालवतो त्याच्याकडून तिन्ही त्रिकाळ आकड्याची अपेक्षा कशी करावी? यंत्राला पाटी लागते, सेवकाच्या पगाराला लागत नाही. तरीही पैसा आधी तेथे गेला पाहिजे, असे आमचे स्पष्ट म्हणणे आहे. यंत्र बिघडले तर चांगला सेवक पुस्तक वाचवील. सेवक गेला तर यंत्र बिघडल्याचे कळणारही नाही.

आता सर्व काही संगणकावर चढवता येते, मग कागदाची एवढी चिंता कशाला, असा प्रश्न तरुण मंडळी करतात. एशियाटिक सोसायटीच्या 'ग्रंथसंजीवनी'सारखे उपक्रम चांगलेच आहेत आणि ते वाढावेत. पण चित्र काढण्यासाठी पान उलटावे लागते, आणि विटेची पाने उलटत नाहीत. संगणकापर्यंत पोचण्याआधी कागदाला आणखी काही पावसाळे काढावयाचे आहेत.

वसंत व्याख्यानमाला भरते ते दिवस या कामाला नेमके योग्य आहेत. गच्ची कोरडी आहे, भिंती तापून सुकल्या आहेत, आणि मृग नक्षत्राला अजून अवधी आहे. ज्या वाचनालयाचे आपण सभासद आहोत तेथे एकदा कपाटामागे हात घालून पाहावा, खालच्या खणातले सर्वांत जुने बांधीव मासिक उघडून पाहावे, आणि कार्यकारिणीच्या सभेत विचारावे की, आर्द्रतेची वही आहे काय, ती कोण लिहितो, आणि त्याला महिन्याकाठी काय देता. घरातल्या माळ्यावर वडिलांच्या किंवा आजोबांच्या संपाच्या काळची पत्रके, पावत्या, सभासदत्वाची कार्डे असतील, तर ती पावसाच्या आत खाली उतरवावीत.